गावच्या लेकीची साक्ष

८ नोव्हेंबर १९४५

समन्स आला! तोही भर वर्गात, मुली पंधराचा पाढा म्हणत असताना. तहसिलीचा चपराशी दारात उभा — "मंजुळाबाई मास्तरीण तुम्हीच ना? सही करा." केली सही. मुलींना वाटलं इन्स्पेक्टरसाहेबच आले. त्यांनी पाढा आणखी जोरात म्हटला.

कागदावर लिहिलं आहे: पिंपळगाव राजा येथे कंट्रोलच्या कापडाचे वाटप चालू असता तीन बाया चेंगरून मयत झाल्या, त्याबद्दल सरकारने चौकशी कमिशन नेमले आहे, तरी वीस तारखेस खामगावच्या कचेरीत साक्षीस हजर राहावे. तीन बाया! एका ओळीत बसल्या की. त्यातली एक शालू.

घरी येते तर दादा ओसरीवर. त्याला माझ्या आधीच कळलं होतं. वाटप कमिटीचा तो मुख्य, तालुक्यात पान हललं तरी त्याला कळतं. म्हणाला, "भेऊ नोको. गर्दी झाली, बाया पडल्या, मले काई दिसलं नाई — इतकं सांग अन् मोकळी हो."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा ठेवला.

९ नोव्हेंबर

जे पाहिलं ते एकदा लिहून काढते. साक्षीच्या दिवशी गडबडायला नको.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. बंद पडलेल्या, सरकी काढायच्या जिनच्या आवारात कापड वाटणार म्हणून सकाळपासून रांग. लढाई संपली म्हणतात, पण आमच्या लुगड्यांची ठिगळं काही संपली नाहीत. मीही रांगेत होते, शालूच्या मागं. दादा ओट्यावर उभा. पुढच्या थोड्या बायांना मिळालं आणि कापड सरलं. सरणारच! आदल्या दिवशी मागच्या फाटकानं गाड्या भरून गेल्या, ते गावातल्या कुत्र्यांनीसुद्धा पाहिलं. बाया ओरडायला लागल्या, ओट्यावर चढायला लागल्या. तेव्हा दादा ओरडला — "मांगच्या फाटकानं देऊन राह्यलो! तिकडे पळा!"

पळाल्या बिचाऱ्या. तिकडं जायला भिंत आणि सरकीचा कोठा यांच्या मधली बोळकांडी. आणि फाटकाला साखळी! पुढच्या अडल्या, मागच्या थांबेनात. गीताबाईची सासू खाली पडली. शालू तिला उचलायला वाकली, ती पुन्हा वर आलीच नाही.

कमिटीनं सरकारला काय कळवलं? शालूबाईनं लुगड्यासाठी झोंबाझोंबी केली, त्यातून चेंगराचेंगरी. मेलेलीवर ढकललं की झालं. ती काय उठून सांगणार आहे!

मी तेव्हाच दादाला जाब विचारला होता. त्यानं देवघरासमोर उभं राहून सांगितलं, "कमिशन येऊ दे मंजुळे. मी सोता कबूल करतो." आता कमिशन आलं. आणि हा म्हणतो, काही दिसलं नाही.

११ नोव्हेंबर

आशासाठी जीव तुटतो. शालू गेल्यापासून पोर माझ्याकडंच आहे. बाप आधीच नाही. शालू म्हणजे आमच्या भावकीतलीच सून, माझी चुलत भावजय. पण नातं राहू दे बाजूला — ती माझी मैत्रीण होती. मळ्यातली वांगी डोक्यावर घेऊन बाजारात जायची आणि परत येताना माझ्या ओसरीवर टेकायची. दुसरं माणूस नव्हतं मला.

आशाची सोयरीक वडनेर भोलजीला ठरली होती. दिवाळी झाली की कुंकू लावायचं होतं. आज तिकडून निरोप — "जिच्या मायनं लुगड्यापायी दोन बाया मारल्या, तिची पोर आमच्या घरात नोको." निरोप आणणारा माझ्या ओसरीवर पाणी पिऊन गेला! आणि मी त्याला पाणी दिलं.

आशा रडली नाही. ज्वारी निवडत बसली. मी म्हटलं, "कमिशनसमोर सगळं खरं सांगते बघ. तुझ्या आईचं नाव धुऊन काढते." ती म्हणाली, "आत्या, नाव धुतल्यानं वडनेरचे येतीन का परत?"

येतील, म्हटलं. का नाही येणार?

१२ नोव्हेंबर

रुखमाबाई, गीताबाई आणि आणखी दोघीतिघी वेचणीवरून सरळ माझ्याकडं आल्या. ओटीत कापूस तसाच. त्यांनाही समन्स आले आहेत. रुखमा म्हणजे तिखट बाई, बाजारात भल्याभल्यांना गप्प करते. पण आज तिचाही आवाज खाली.

"आक्का, आम्ही त्याईच्या समोर कशा बोलाव?"

त्याई म्हणजे दादा. आमचा दादा भावकीत थोरला. यातल्या कुणाचा भासरा म्हणजे थोरला दीर, कुणाचा सासरा. सुना त्याचं नाव घेत नाहीत, त्याच्यासमोर तोंड उघडत नाहीत. वाटेनं येताना तो दुरूनच खाकरतो, की ओट्यावर बसलेल्या साऱ्याजणी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करतात. थोर माणसानं खाकरून यावं ही रीतच आहे. मी मात्र गावची लेक. माझ्या डोक्यावरचा पदर ढळला तरी कोणी काही म्हणत नाही.

"तुम्ही आधी बोला," रुखमा म्हणाली. "तुमच्या मांगून आम्ही एकेक हाव, खरं हाय म्हणतो. पण त्याईले तिथं बसू देऊ नोका."

गीताबाईनं माझे हात धरले. सासू तिचीच गेली ना. "शप्पथ आक्का. बोलतो आम्ही."

मग ठरलं. दादाला आत येऊ द्यायचं नाही, हे साहेबापर्यंत पोचवायचं. आणि हे आमच्यातच ठेवायचं. आम्ही पाचसहाजणी आणि चुलीपाशी बसलेली आशा, बाहेर कोणाला कळता कामा नये.

१४ नोव्हेंबर

कमिशनचे पेशकार रामराव जिनचं आवार बघायला आले होते. शाळेवरून जाताना त्यांना गाठलं. आधी हसले! "अहो बाई, सरकारी चौकशीत कसला आलाय भासरा?" मग मी त्यांना विचारलं, तुमच्या घरातली सून तुमच्या वडिलांसमोर बोलते का? हसू मावळलं. म्हणाले, "साहेबांच्या कानावर घालतो. बायांच्या साक्षीच्या वेळी कमिटीचा एकही मेंबर खोलीत नसेल."

माणूस सरळ वाटला.

१६ नोव्हेंबर

दादा मळ्यातली कोवळी वांगी घेऊन आला. बसला.

मग म्हणाला, "मी तुले पाटी देल्ली व मंजुळे."

दिली. कोण नाही म्हणतं? माझं सासर दोन वर्षांचं. नवरा गेला तसं दादानं मला माहेरी आणलं. माळ्याची विधवा पोर अमरावतीला मास्तरीण व्हायला धाडली म्हणून गाव त्याला हसलं. त्यानं गावाला शिव्या दिल्या आणि मला गाडीत बसवलं. आज मी दोन अक्षरं लिहिते ती त्याच्यामुळं. ही ओळसुद्धा.

म्हणूनच तर इतकं लागतं! परक्या माणसानं थाप मारली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मी म्हटलं, "दादा, तू कबूल करतो म्हणाला होतास." तो उठला. वांगी ठेवून गेला.

१७ नोव्हेंबर

वहिनीनं ताक धाडणं बंद केलं.

१८ नोव्हेंबर

वांगी आशानं केली. मी खाल्ली नाहीत. नंतर खाल्ली.

२० नोव्हेंबर

आत्ताच खामगावहून आलो. अंग आंबलं आहे, पण आज लिहिलं नाही तर उद्या मीच हे खोटं ठरवीन.

सकाळी दोन गाड्या जुंपून निघालो. एकीत मी, आशा आणि रुखमा. आशाचा समन्स नव्हता, पण घरी एकटी राहत नाही म्हणाली. कचेरीत कमिशनचे साहेब, नागपूरकडचे, जुने जज्ज, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. बाजूला रामराव पेशकार आणि कमिटीचा वकील. दादा खोलीत नव्हता. रामरावांनी शब्द पाळला. मेंबरांना कचेरीच्या पलीकडं वडाखाली बसवलं होतं, मी स्वतः पाहून, आशाला बाहेर गाडीपाशी ठेवून आत गेले.

मी बोलले. अगदी शाळेत शिकवल्यासारखं, एकामागून एक. गाड्या गेल्या ते. ओरडणं. साखळी. शालू वाकली ते. साहेबांनी विचारलं, "तो आवाज कोणाचा होता?" मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या भावाचा. इंद्रभानचा." साहेब बराच वेळ लिहीत होते.

मग रुखमाला उभं केलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पदर खोचला. मला वाटलं, आता बाजारातली रुखमा बोलणार! साहेब म्हणाले, "बाई, मास्तरीणबाईंनी सांगितलं ते खरं आहे का?" रुखमानं श्वास घेतला. "साहेब —"

आणि खिडकीबाहेर कोणीतरी खाकरलं.

मोठ्यानं नाही. वाटेनं जाताना खाकरतात तसं, एकदाच. मी ते खाकरणं चाळीस वर्षं ऐकते आहे. रुखमाचा पदर छातीपर्यंत आला. ती वळली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मागच्या सगळ्या तशाच! बसलेल्या उठल्या आणि वळल्या. साहेबांसमोर नुसत्या पाठी.

साहेब दोनदा विचारतात, तीनदा विचारतात. त्यांना काही कळेना. मी ओरडले, "साहेब, तो बाहेर उभा आहे!" शिपाई जाऊन बघून आला — व्हरांड्यात कोणी नाही. गीताबाईला विचारलं. जिनं शपथ घेतली ती गीताबाई! बांगडीसुद्धा वाजली नाही.

रामराव काही सांगायला उठले, तेवढ्यात वकील उभा राहिला. किती गोड बोलला मेला! "हुजूर, या बायांना मास्तरीणबाईंचं खोटं पटत नाही, पण घरंदाज आहेत, तोंडावर सांगवत नाही. बहीणभावात मळ्याच्या वाटणीचा वाद आहे."

कसला वाद? मी कधी एक वाफा मागितला नाही! साहेबांनी माझ्याकडं चष्म्यातून पाहिलं. मघाशी ज्या नजरेनं ऐकत होते ती नजर नव्हती.

२१ नोव्हेंबर

आज दादाची साक्ष. मी पुन्हा गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. मागं उभी राहिले.

ऐकून थक्क झाले. दादा म्हणाला, "आमच्या शालूबाईचा यात काई दोष नाई. कमिटीनं आधी लिहून देल्लं ते चुकीचं होतं. ती दुसरीले उचलाले वाकली अन् गेली. देवमाणूस होती. बाहेरगावचे लोक घुसले, त्याईनं रेटलं."

स्वतःच्या ओरडण्याबद्दल अवाक्षर नाही. पण शालूचं नाव धुतलं! सरकारी कागदावर! का? माझ्या साक्षीनं त्याला लाज वाटली? रक्त शेवटी रक्त असतं का? गाडीत मी रडले. आशानं माझं डोकं मांडीवर घेतलं.

२२ नोव्हेंबर

पण त्याला कळलं कसं? हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. त्या वेळेला, त्या खिडकीपाशी, रुखमा तोंड उघडते आहे तेवढ्यात! हा योगायोग नव्हे. कोणीतरी सांगितलं. घरभेद्यानंच लंका जाळली.

रुखमाचा नवरा दादाचा मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. आणखी काय पाहिजे?

विहिरीवर गाठली तिला. सगळ्यांसमोर विचारलं, "किती दिलं दादानं?" फार वाईट बोलले. तिची घागर भरली होती, ती तशीच खाली ठेवली तिनं.

"मी नाई सांगतलं, आक्का. माह्या लेकराची आन."

"मग वळलीस का? एक माणूस खोकला आणि तुमची जीभ गेली?"

"तुमचं सासर दोन वर्साचं," ती म्हणाली. "तुम्हाले काय समजते ते खाकरनं. मी बोलाले गेली होती. मनातून बोलली बी. पाय आपोआप वळले. काऊन वळले ते मले बी नाई समजलं."

मला तिचं काही ऐकायचं नव्हतं. म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवू नकोस. ती म्हणाली, "बरं."

२४ नोव्हेंबर

शाळेत निम्म्या मुली. रुखमाची लेक आली नाही.

२९ नोव्हेंबर

बदलीचा हुकूम. डोणगाव! जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वर्ष संपेपर्यंत हजर व्हायचं.

दादा संध्याकाळी आला. मला वाटलं भांडेल. नाही. असा गोड बोलला की अंगावर काटा आला. "डोनगावची शाळा चांगली हाय. हवा बी चांगली हाय."

मी विचारलं, "साखळी तूच लावायला सांगितली होतीस ना?"

"गाड्या गेल्यावर लावाच लागते साखळी. चोरटे लय झाले." मग खालच्या आवाजात, "मले त्या घडीले आठोलं नाई व. बाया अंगावर येऊन राह्यल्या होत्या. भेव वाटलं अन् तोंडातून निघालं. देवाची आन, आठोलं नाई."

हे तर साहेबांना सांगायचं होतंस! एवढंच सांगायचं होतंस, दादा. मी सगळं विसरले असते. तो म्हणाला, "मंग मले कोन नमस्कार करन गावात?"

त्या नमस्कारापायी तीन बायांचं खरं बोळकांडीतच राहिलं, आणि मी चालले डोणगावात. माझा भाऊ असा आहे हे मला चाळिशीत कळावं!

४ डिसेंबर

वडनेरचे लोक आले. स्वतःहून! नवऱ्या मुलाचे काका आणि आणखी दोघं. दादाच्या साक्षीची बातमी तिकडं पोचली. "आमची चूक झाली," म्हणाले. "असल्या मायची पोर आम्हाले मिळाली तं भाग्य." मार्गशीर्षातलीच तिथी धरली.

म्हणजे माझी साक्ष अगदीच वाया गेली नाही. बायांनी पाठ फिरवली, साहेबांनी खोटी ठरवली, पण मी बोलले म्हणून दादाला शालूचं खरं सांगावं लागलं. कमिशनला माझा उपयोग झाला नसेल, आशाला झाला. आज पोटभर जेवले.

८ डिसेंबर

आशा दिवसभर दादाकडं, तिच्या मोठ्या बाबांकडं असते. वहिनीला पापड-कुरडयांना मदत, मांडवाची तयारी. लग्न दादाच्याच दारात, कन्यादानही तोच करणार. मला आधी राग आला. मग म्हटलं, केलेल्या पापाची थोडी तरी फेड करतो आहे, करू दे.

रुखमा वाटेत दिसली. दुसऱ्या बोळानं वळली. मान ताठ! केलं ते केलं आणि वर तोरा.

१२ डिसेंबर

आज आशाला हळद लागायची होती. त्याआधी ती आली. पाया पडली, उठली, आणि गेलीच नाही. खांबाला टेकून उभी.

"आत्या, रुखमाकाकूले बोल लावू नोका. मोठ्या बाबाले मी सांगतलं होतं. खिडकी बी मीच दाखोली."

मी ओसरीवर टेकले.

"तुम्ही खरं बोलून मोठे बाबा जेलात गेले असते, तं मले कोनं उजवलं असतं? तुम्ही? विधवा बाईच्या दारातून कोनती वरात निंगते? मोठे बाबा म्हने, बायाईले बोलू देऊ नोको, मी तुह्या मायचं नाव साफ करतो अन् तुहं कन्यादान करतो. एक केलं त्याईनं, दुसरं बी करून राह्यले." मग म्हणाली, "माय तं गेली आत्या. मी जिती आहो."

वाजंत्री सुरू झाली तशी ती गेली.

मी तिला हाक मारली नाही. कितीदा मनात घोळवलं, शालू असती तर काय म्हणाली असती. शालूनंही पोरीला हेच कर म्हटलं असतं. आणि तिनंही मला सांगितलं नसतं.